आढं दोन इंच खाली आलं होतं

पडवीचे खांब बाहेर झुकले की माणूस पडवीलाच टेकू लावतो. ओवळ्याच्या आमच्या घराचंही तेच होणार होतं. ठेकेदार माप घेऊन गेला होता. समोर दोन लोखंडी बीम, खांबांना कमरेपर्यंत सिमेंटचं वेष्टण आणि कौलं काढून वर पत्रा, असा त्याचा हिशेब तयार होता. तसं केलं असतं तर घर आणखी काही वर्षं ताठ दिसलं असतं आणि मग एखाद्या श्रावणात आतून बसलं असतं. दुखणं पडवीत नव्हतंच. ते माजघराच्या कोपऱ्यात, मोरीच्या लाद्यांखाली होतं. ते तिथे आहे हे कसं कळलं आणि कळल्यावर काय काय केलं, ते लिहितेय. आम्ही शोधाशोध करत होतो तेव्हा वाड्यांवर पुष्कळ वाचायला मिळालं. साध्या शेतकऱ्याच्या घराची दुरुस्ती कशी करायची, यावर फारसं काही सापडलं नाही.

आधी घर सांगते. घोडबंदर रोडने कासारवडवली सोडून गायमुखच्या दिशेने निघालं की ओवळा लागतं. डोक्यावर मेट्रोचा मार्ग, दोन्ही बाजूंना टॉवर आणि आत गावठाणात आमचं कौलारू घर. माझं माहेर. आम्ही आगरी, पिढ्यानपिढ्या भात लावणारे. आता शेत उरलेलं नाही, कणग्या रिकाम्या आहेत, पण घर भातासाठी बांधलं होतं हे पावलोपावली दिसतं. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर आणि सगळ्यात मागे दुसरी पडवी, जिच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला गुरं असायची. वर माळा. जमिनीत पुरलेलं उखळ अजून तिथेच आहे, त्यावर फळी टाकून गॅसचा सिलिंडर उभा केलेला.

असं घर खणांनी मोजतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आमचं घर लांबीला पाच खण, म्हणजे एका ओळीत सहा खांब. रुंदीला अशा पाच ओळी. पुढच्या पडवीची ओळ सगळ्यात बुटकी, तिच्या मागची उंच, मधली सगळ्यात उंच, मग पुन्हा उतरत मागच्या पडवीपर्यंत. मधल्या ओळीच्या डोक्यावर आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड. आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे उतरतात, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. ओळींना एकमेकींशी बांधायला तुळया. संपलं घर.

यात भिंत कुठेच आली नाही, हे मुद्दाम सांगते. समोरची भिंत विटांची, मातीत रचलेली. बाकीचे सगळे कुड, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा. त्या भिंती छपराचं किलोभरही वजन उचलत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमचा मागचा कुड वाहून गेला होता. आई सांगते की सकाळी माजघरातून थेट विहीर दिसत होती आणि कौलं जागच्या जागी होती. ऐंशी ओलांडलेले माझे काका याला एका वाक्यात गुंडाळतात, "भित परली तं परू दे, खांब उबा हाय ना?" १९९३ च्या किल्लारी भूकंपातही हे दिसलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून माणसं गेली, पण ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे कित्येक ठिकाणी भिंती पडूनही आतला खणांचा सांगाडा उभा राहिला.

तर असं घर, आणि त्याच्या पडवीचे दोन खांब चांगले चार बोटं बाहेर गेलेले.

भावकीत तीन मतं होती. पाडून स्लॅब टाकायचा, बिल्डरला द्यायचं, किंवा जे आहे ते पडेपर्यंत राहू द्यायचं. त्या चर्चेत मी तुम्हाला नेत नाही, ज्यांच्या घरात सातबारा आणि भाऊबंद दोन्ही आहेत त्यांना ती पाठ असेल. शेवटी दादूस, म्हणजे चुलतभाऊ, म्हणाला की आधी घराला खरोखर काय झालंय ते बघू, मग भांडू.

पहिला प्रयत्न रीतसर, स्ट्रक्चरल ऑडिटचा. ठाण्यात धोकादायक इमारतींची वर्गवारी ठरलेली आहे. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. आलेल्या साहेबांकडे छापील फॉर्म होता. काँक्रीटची प्रत, सळयांचा गंज, स्लॅबची गळती, कॉलमच्या भेगा. बिचारा प्रत्येक रकान्यात "लागू नाही" लिहीत गेला. रिबाउंड हॅमर बॅगेतून काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि परत ठेवला. तो काँक्रीटवर आपटून त्याचा कडकपणा अजमावायचा असतो, शेणाच्या भिंतीवर त्याचा काय उपयोग? एकाही खांबाला हात न लावता त्याने खाली शेरा मारला, सी-१.

या माणसाला मी फार दोष देत नाही. आपल्याकडे "घर" या शब्दापुढे आता काँक्रीटच धरलं जातं, फॉर्मसुद्धा तेच धरून छापलेला असतो. पण त्या एका शेऱ्यावर घर रिकामं करायची आमची तयारी नव्हती. मग लाकडी इमारतींचं काम केलेल्या एक इंजिनीअर मॅडम मिळाल्या. त्यांची पहिली अट ही की मोजणी झाल्याशिवाय त्या मत देणार नाहीत. मोजणी दादूसच्या मुलीने केली. भाची आर्किटेक्चर शिकते, तिला तसाही कॉलेजला एक प्रोजेक्ट हवा होता.

मोजणीला लागलेलं सामान सांगितलं तर हसाल. टेप, ओळंबा, दोरी, चॉक आणि पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी. नळीत पाणी भरायचं, एक टोक एका खांबाशी, दुसरं दुसऱ्याशी. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच राहणार. तिथे प्रत्येक खांबावर चॉकने रेघ मारायची. मग त्या रेघेपासून वर तुळईपर्यंत आणि खाली जमिनीपर्यंत माप घ्यायचं. सगळ्या घरात एकच सपाट रेघ फिरली की कोण खाली बसलंय आणि कोण वर राहिलंय ते आपोआप बाहेर येतं. गवंड्यांची ही जुनी युक्ती आहे. लेझरवाल्याने या कामाचे जे पैसे सांगितले होते त्यात नळीचं भेंडोळंच्या भेंडोळं आलं असतं.

पहिली गंमत खांबांच्या संख्येची. पाच ओळी गुणिले सहा, तीस व्हायला हवेत. भरले अठ्ठावीस. मधल्या ओळीतले दोन खांब नव्हतेच, आणि लहानपणापासून त्या घरात वावरून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये ती जागा मोकळी सोडलीय. हळदीला माणसं बसायची तर मध्ये खांब नकोत, इतकं सरळ कारण असावं. मग तिथे आढं कशावर आहे? वर चढून पाहिलं तर दोन जाडजूड तुळया ओटीच्या बाहेरच्या ओळीपासून माजघराच्या मागच्या ओळीपर्यंत सलग टाकलेल्या, आणि त्यांच्या मध्यावर हातभर उंचीचे ठेंगणे खांब, आढं पेलणारे. या दोन तुळया बाकीच्यांच्या दीडपट खोल आहेत. ज्याने घर बांधलं त्याने आकडेमोड केली नसेल, पण भार कुठे येणार हे त्याला नेमकं माहीत होतं.

दुसरी गोष्ट गंमत म्हणण्यासारखी नव्हती. मधल्या ओळीचा पाचवा खांब, मोरीला लागून असलेला, बाकीच्यांपेक्षा खाली होता. त्याच्या डोक्यावरचं आढंही. दोरी ताणून पाहिली, दोन इंचांचा खड्डा.

मॅडमनी भाचीचं रेखाचित्र घेतलं आणि पडवीचे झुकलेले खांब आणि हा बसलेला खांब यांच्यामध्ये पेन्सिलने एक बाण काढला. आढं खांबांवर घट्ट बसलेलं असतं तेव्हा वासे त्याला वरून अडकवलेले असतात, लटकल्यासारखे. ते खालच्या ओळींवर सरळ खाली भार टाकतात. आढं खाली आलं की वाशांचं वरचं टोक खाली येतं आणि खालचं टोक बाहेर सरकतं, दोरी सुटलेल्या घडीच्या शिडीसारखं. ते पडवीच्या खांबांना बाहेर ढकलतात. म्हणजे पडवीला लोखंडी बीम लावणं म्हणजे शिडीचे पाय धरून ठेवणं, वरून माणूस खाली येतच राहणार. आमच्या झुकलेल्या दोन खांबांपैकी एक बरोबर त्या पाचव्या खांबाच्या रांगेत होता, दुसरा त्याच्या शेजारी.

मोरीच्या लाद्या फोडल्या. ही मोरी आजीला बाहेर जाववेना तेव्हा आत केलेली, तिच्या सोयीसाठी. त्या वेळच्या गवंड्याने खांब सोडून लाद्या बसवण्याऐवजी खांबाभोवती वीतभर उंच सिमेंटचा कट्टा केला होता, पाणी खांबाला लागू नये म्हणून. पाणी लाद्यांच्या सांध्यांतून खाली उतरलं, तिथून खांबाच्या तळाशी पोचलं आणि कट्ट्यामुळे तिथेच कोंडलं. खांबाखाली दगडी उथळं असतं ते नेमकं याच्यासाठी. लाकडाचा आडवा छेद नळ्यांच्या जुडग्यासारखाच बनलेला असतो, त्याला ओल लागली की तो ती वर ओढतो. खाली काळा दगड ठेवला की जमिनीची ओल दगडाशी थांबते आणि भिजलेला खांबाचा पाय वाऱ्याने सुकतो. लाकडात साधारण वीस टक्क्यांहून कमी ओलावा असला तर बुरशीला ते कुजवता येत नाही. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लाकूड भिजणारच. सगळा खेळ ते सुकण्याचा आहे. सिमेंटने सुकणं बंद केलं.

कट्टा फोडल्यावर मिस्त्रींनी पेचकस खांबात खुपसला. मुठीपर्यंत गेला. लाकूड छोट्या चौकोनी तुकड्यांत तडकलं होतं आणि तुकडा बोटांत धरून चुरडला की तपकिरी भुकटी. अशी वीत-दीड वीत. त्याच्या वर दोन बोटांचा करडा पट्टा आणि मग एकदम टणक ऐनाचं लाकूड, पेचकस ओरखडाही काढेना.

हे मिस्त्री मुरबाडकडचे. त्यांचा शोध हा सगळ्यात अवघड भाग होता असं आता वाटतं. फर्निचर करणारे सुतार ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. प्लायवूड, सनमायका, मॉड्युलर किचन. पण उभ्या घराखालचा खांब बदलायचाय म्हटलं की सगळे घड्याळ बघतात. मुरबाडचे मिस्त्री एका नातेवाइकाच्या देवळाच्या कामावर भेटले. आले, घराभोवती एक फेरी मारली, प्रत्येक खांबावर हातोडीच्या दांड्याने टकटक केली. मग चहा घेता घेता म्हणाले, "खांब चांगले आहेत ताई. एकाचा पाय गेलाय आणि एकाला वाळवी. घर मला पंधरा आणे दिसतं."

इंजिनीअर मॅडमच्या पत्रावर दुरुस्तीची परवानगी झाली. कागदांबद्दल एवढंच सांगते, गावठाणातल्या घराचे जुने घरपट्टीचे जितके कागद सापडतील तितके जपून ठेवा.

लाकूड कुठून आणायचं, हा पुढचा प्रश्न. साग, ऐन, खैर अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि नव्याने कापलेलं लाकूड घेतलं तर ते वाळताना आकसतं, सांधा सैल पडतो. जुन्या घरातला तुकडा बदलायला जुनंच लाकूड हवं, ज्याचं आकसणं होऊन गेलंय. भिवंडीच्या बाजूला एका वखारीत पाडलेल्या इमारतींचं लाकूड रचून ठेवलेलं मिळालं. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि प्रत्येक तुळईवरून फिरवलं. आत मोडलेला खिळा राहिला तर गिरणीत करवतीचं पातं जातं, म्हणून गिरणीवाला असं लाकूड दारातूनच परत पाठवतो. शेवटी ऐनाचा एक दांडगा तुकडा मिळाला. त्यांनी त्याच्या टोकाची कड तासून तो बाजूने पाहिला, रेषा सरळ जातात का ते. खांबाला गाठीचं लाकूड नको.

काम शिमगा झाल्यावर काढलं. मिरगाच्या आत कौलं परत चढली पाहिजेत, ही एकच तारीख होती आणि ती पुढे ढकलता येत नव्हती.

आधी त्या भागातली कौलं उतरवली, भार हलका करायला. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास असतं आणि एका चौरस मीटरला पंधराएक लागतात, त्यावरून दोन-तीन खणांचं वजन काढा. मग पाचव्या खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू आणि टेकूंखाली जॅक. दादूसने गॅरेजमधून ट्रकचे हायड्रॉलिक जॅक आणले होते, मिस्त्रींनी ते नाकारले. तेलाचा जॅक रात्रीतून गुपचूप खाली येतो, म्हणाले, आट्याचा, म्हणजे स्क्रूचा, जॅक जिथे सोडला तिथे राहतो. मोरीच्या खाली पक्की जमीन लागेपर्यंत खणून तिथे दगड आणि जाड फळ्या टाकल्या, नाहीतर घर वर जायच्या ऐवजी जॅकच जमिनीत गेला असता.

आणि मग उचलणं. याचं माप सुतात. एका इंचाचे आठ सूत. मिस्त्री एका जॅकला, त्यांचा मुलगा दुसऱ्याला, दोघांनी एकाच वेळी आटा फिरवायचा, एक सूत झालं की थांबायचं. मग सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. लाकूड कण्हतं, तो आवाज चालतो. "कट्" असा कोरडा आवाज आला की थांबायचं आणि कुठून आला ते शोधायचं. भाची पडवीत ओळंब्याशी बसलेली. तिचं काम फक्त आकडा ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी दोन सूत उचलून मिस्त्री घरी गेले. मला वाटलं, काम टाळतायत. पण त्या रात्री घरभर कुठे कुठे बारीक आवाज होत राहिले आणि सकाळी समोरच्या विटांच्या भिंतीवर केसाएवढी भेग होती. एका दमात उचललं असतं तर ती भिंत आमच्या अंगणात असती.

हळूहळू आढं वर येत गेलं. मला सगळ्यात आवडलेला भाग पडवीत घडला. तिथे आम्ही कशालाच हात लावला नव्हता. आढं वर आलं तसे वासे आत ओढले गेले आणि झुकलेले दोन्ही खांब आपापले मागे यायला लागले. भाची ओळंबा आणि खांब यांच्यातलं अंतर मोजून सांगायची आणि ते कमी होत होतं. काका आरामखुर्ची टाकून तिथेच. "बग, घर सवता उबा ऱ्हातंय," एवढंच म्हणाले.

दोन इंचांपैकी दीड इंच उचलून मिस्त्री थांबले. भाचीला पुरते दोन हवे होते, कागदावर रेघ सरळ यायला हवी होती. मिस्त्री नको म्हणाले आणि मॅडमनीही त्यांची बाजू घेतली. लाकडावर वर्षानुवर्षं एकाच दिशेने भार राहिला की ते तो बाक कायमचा धरतं, भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. उरलेला अर्धा इंच जबरदस्तीने काढायचा तर चांगले सांधे उपटायचे. पडवीचे खांब त्यामुळे अजून बोटभर बाहेरच आहेत. मुद्दाम पाहिलं तरच दिसतं.

खांब आता तुळईला लटकत होता, खाली मोकळा. कुजलेला पाय करवतीने कापून काढला, करडा पट्टा गेल्यावर आणखी वीतभर चांगलं लाकूडही. त्या टोकाला मिस्त्रींनी लांब पायरीसारखा काप दिला, म्हणजे अर्धी जाडी वर गेलेली, अर्धी खाली आलेली. नव्या ऐनाच्या तुकड्याला त्याचा उलटा. दोन्ही एकमेकांत बसले की बाहेरून फक्त एक तिरकी रेघ दिसते. बसवायच्या आधी कितीतरी वेळा लावून, काढून, पटाशीने केसभर तासून, पुन्हा लावून. मग आरपार भोकं पाडून बाभळीच्या खुंट्या. लोखंडी बोल्ट का नको, हे मी विचारलं. मिस्त्रींनी शेजारच्या तुळईची जुनी खुंटी ठोकून बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. ती खुंटी सरळ नव्हती, मध्ये किंचित वाकलेली होती. तुळईचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, खाचेत गेलं की दोन्हीकडच्या भोकांचे मध्य मुद्दाम सूतभर मागेपुढे ठेवलेले असतात. खुंटी ठोकली की ती वाकून जाते आणि जाताना कुसवाला आत ओढून धरते. पावसाळ्यात लाकूड फुगलं, उन्हाळ्यात आकसलं, तरी ओढ सुटत नाही. बोल्ट तसाच कडक राहतो आणि लाकूड त्याच्याभोवती सैल होतं, शिवाय थंड लोखंडावर दमट हवेचं पाणी जमतं.

नव्या पायाखाली काळ्या दगडाचं नवीन उथळं घडवून बसवलं, जुन्यापेक्षा चार बोटं उंच. मग जॅक सूत सूत खाली. शेवटचा भार दगडावर उतरला तेव्हा मिस्त्रींनी पत्र्याची पट्टी सांध्यात घालून पाहिली. गेली नाही.

सांधे उघडले होते तेव्हा भाचीला वेगळंच काही सापडलं. कुसवांवर पटाशीने मारलेल्या खुणा होत्या. एक रेघ, दोन रेघा, तीन. जमिनीवर सगळं जुळवून पाहायचं, खुणा करायच्या, मग सुटं करून उभारायचं, ही पद्धत. पण दोन तुळयांवरच्या खुणा कुणाशीच जुळत नव्हत्या आणि त्यांच्या अंगावर रिकाम्या खाचा होत्या, ज्यांत आज काहीच बसत नाही. म्हणजे त्या तुळया आधी दुसऱ्या कुठल्यातरी घरात होत्या. आमच्या घराचं लाकूड घराहून जुनं आहे.

यावरून भावकीत नवा वाद पेटला, घर किती जुनं. काकांकडे पुरावा होता, कौल. उतरवलेल्या काही कौलांच्या पाठीवर बासल मिशनचं नाव आणि १८६५ हा आकडा उठवलेला. पण ते साल मंगलोरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचं आहे आणि तो ते पुढेही वर्षानुवर्षं छापत राहिला. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि कारखाने पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे ती कौलं त्याआधीची असणार इतकं म्हणता येतं. कौलं मात्र तुळयांसारखीच दुसऱ्या घरावरून आलेली असू शकतात. काकांना हे पटलेलं नाही. ते अजूनही पाहुण्यांना १८६५ सांगतात आणि मी मध्ये बोलत नाही.

कौलं चढवताना त्यांच्या जातीचा फार त्रास झाला. वेगवेगळ्या कारखान्यांची मंगलोरी कौलं दिसायला सारखी, पण त्यांच्या कडांच्या खोबणी एकमेकींत बसत नाहीत, आणि रिपांचं अंतरही थोडं बदलतं. आजोबांच्या वेळेपासून जे मिळालं ते घुसडत आल्यामुळे गळती तिथूनच व्हायची. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद वाजलं ते टाकलं. मग जाती लावल्या. चांगल्या एकजातीची पुढच्या पाखीला, म्हणजे छपराच्या उताराला, उरलेली वर्गवारीने मागच्या पाखीला, आणि रिपा त्यांच्या मापाने नव्याने ठोकल्या. माजघरावर चार काचेची कौलं टाकली.

वाशांमध्ये एक फरक डोळ्यांत भरला. चुलीच्या वरचे वासे काजळीने काळेकुट्ट आणि एकदम ठणठणीत. ओटीवरचे, जिथे धूर कधी पोचला नाही, त्यांतले बरेच भुंग्याने पोखरलेले, टकटक केलं की पिठी गळणारे. चूल बंद होऊन गॅस आला तेव्हापासून काळ्या वाशांनाही नवी धुरी मिळालेली नाही, म्हणून त्यांची काळजी आता वाटायला लागलीय. सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. हे लावणार असाल तर हातांना आधी खोबरेल चोपडा आणि जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ते तेल कातडीवर पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. दादूसने ऐकलं नाही, पुढचा आठवडाभर तो हात वर करून जेवत होता.

कुड पुन्हा भरायला कारवी मिळाली नाही. कारवी आमच्या मागच्या डोंगरात भरपूर आहे, पण तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. तिथली काडीही आणायची नाही. बांबूच्या कामट्या वापरल्या. माती, शेण आणि भाताचं तूस पाणी घालून मुरत ठेवलं आणि शेजारच्या दोन वयनींनी तुडवून दिलं. तूस शेजारच्या गावातून विकत आणावं लागलं, याचं आईला फार वाईट वाटलं.

पहिल्या पावसात एक गळती निघाली, पाखीच्या कोनाशी. मिस्त्रींच्या मुलाने आतून बांबूने कौल सरकवून ती बंद केली. वाळवी लागलेला मागच्या पडवीचा खांब अजून तसाच आहे, त्याला सध्या टेकू आहे. मिस्त्री भातकापणी उरकून येतो म्हणालेत. मॅडमच्या नव्या अहवालात घर सी-२बी मध्ये आहे, तो खांब झाला की सी-३.

मोरी मात्र कायमची बाहेर गेली, मागच्या पडवीच्या पलीकडे, जोत्यापासून सुटी. मॅडमनी यावर हटूनच धरलं होतं. काका रोज कुरकुरतात, "घर वाचवलंस, पन रातचा मी जाव कसा?" वाटेवर आपोआप लागणारा दिवा बसवलाय. मांजर गेलं तरी तो लागतो, आणि त्यावरूनही तक्रार आहेच.